दिवेलागणीची मागणी

छायाआत्या रोज सकाळी अंगणातल्या कढीपत्त्याला पाणी घालायची, आणि तांब्यात उरलेलं घोटभर पाणी समोरच्या विजेच्या खांबाच्या बुडाशी ओतून वरच्या नाकाड्याला म्हणायची, "घे बाबा. सगळ्या आळीचा श्वास हुंगून हुंगून घसा कोरडा पडला असेल तुझा."

नाकाडं काही बोलायचं नाही. तळहाताएवढी मातकट पेटी, पुढे बारीक जाळी आणि जाळीमागे हिरवट उजेड. काजवा आजारी पडला तर चमकेल, तेवढाच. सरकारी कागदांत त्याचं नाव 'श्वासरक्षक' होतं. पण तळेखेडच्या लोकांनी सरकारने ठेवलेलं नाव आजवर कशालाच लावलेलं नाही, ते यालाच कशाला लावतील? बसस्टँडवर, बाजारात, शाळेच्या फाटकावर, जिथे तिथे नाकाडी लागली होती. पाखरतापाच्या साथीत ती आली आणि साथ गेली तरी तिथेच राहिली. लग्न आटोपल्यावरही मुक्काम न हलवणाऱ्या पाहुण्यांसारखी.

छायाआत्या म्हणजे हर्षदाची सख्खी आत्या. उभी हयात एसटीत कंडक्टर. हर्षदाची आई ती पाळण्यात असतानाच गेली, तेव्हा आत्याने भावाची ही लेक आपल्या घरी आणली, आणि स्वतःच्या लग्नाचा विषय जो कुणी काढेल त्याला "पुढच्या गाडीने या" म्हणून वाटेला लावलं. पोर शिकली, परीक्षा देऊन तळेखेडलाच नायब तहसीलदार झाली. गावभर ती 'मॅडम' होती. आत्याच्या उंबऱ्याच्या आत मात्र ती हर्षू होती, आणि पायातल्या चपला नीट न ठेवल्याबद्दल तिला अजून बोलणी बसत होती.

पाखरतापाचा घात असा होता, की तो अंगात शिरल्यावर तीन-चार दिवस माणसाला काहीच जाणवत नसे. तो हसतखेळत हिंडायचा आणि तापाचं दान वाटत जायचा. खोकला येईपर्यंत अर्धी आळी गेलेली असायची. नाकाड्यांनी हे ओळखलं ते श्वासावरून. माणूस श्वास सोडतो तेव्हा नुसती हवा सोडत नाही. त्यात शेकडो द्रव्यं असतात, अगदी विरळ. रक्तात काय चाललंय, पोटात कुठले जंतू नांदतायत, फुप्फुसं कशी आहेत, या सगळ्याचा मिळून एक वास तयार होतो. तो आपल्याला येत नाही, पण असतो. आणि बोटांच्या ठशांसारखाच दोन माणसांचा कधी एकसारखा नसतो. ताप अंगात शिरला की पहिल्याच दिवशी त्या वासात फरक पडतो. नाकाड्यातले जिवाणू तो फरक ओळखायला शिकवलेले होते. फरक दिसला की ते जास्त चमकत, आणि घेऊन ठेवलेल्या नोंदींशी ताडून तो श्वास कुणाचा, त्याच्या आसपास आणखी कुणाचे श्वास होते, हे पेटी मुख्यालयाला कळवी.

हर्षदाच्या मुलीला, स्वराला, असंच शाळेच्या फाटकावर ओळखलं गेलं. पोरगी तेव्हा मैत्रिणीशी भांडत होती, तिला शिंकही आली नव्हती. संध्याकाळपर्यंत तिला औषध सुरू झालं आणि ती वाचली. त्याच्या आधीच्या महिन्यात, नाकाडी लागायच्या अगोदर, त्याच वर्गातली दोन मुलं गेली होती. त्यामुळे नाकाड्याला कुणी शिव्या घातल्या की हर्षदाला ते सहन होत नसे. येता-जाता खांबाकडे नजर गेली की तिचा हात आपोआप छातीशी जाई, देवळासमोरून जाताना जातो तसा.

हे जिवाणू घडवले डॉ. यास्मिन मुजावर यांनी. साथ ऐन भरात असताना त्या तळेखेडच्या नगरपालिकेच्या सभागृहात आल्या होत्या. बुटक्याशा बाई, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत दह्याची तीन मडकी. लोक तोंडावर फडकी बांधून लांब लांब बसले होते.

"जिवाणूंना नवं काम शिकवलं की त्यांना त्याचं ओझं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांच्या पिढ्या भराभर उलटतात. त्यातला एखादा ओझं टाकून देतो, हलका होतो, आणि बाकीच्यांपेक्षा जोरात वाढतो. महिन्याभरात अख्खी पेटी शिकवलेलं विसरून नुसती सुखाने नांदायला लागते."

"आमच्या नगरसेवकांना तेवढापण वेळ लागत नाही," मागून कुणीतरी म्हणालं. इतक्या दिवसांनी सभागृहात हसू फुटलं.

"म्हणून दर महिन्याला पेट्यांमध्ये ताजं विरजण घालावं लागतं," मुजावरबाई म्हणाल्या. "आणि ते विरजण प्रयोगशाळेत नाही, तुमच्या गावातल्या तीन घरांत राहील. तीन मडकी, तीन वाण. एकाला चमकायला जे लागतं ते दुसरा तयार करतो, दुसऱ्याला लागतं ते तिसरा. तिन्ही एकत्र आली तरच पेटी चमकते. दुधावर जगतात, घरातल्या उबेत जगतात. रोज थोडं दूध घालत राहायचं. आणि नको असेल तेव्हा चमचाभर फडक्यावर पसरून सावलीत वाळवून ठेवायचं. त्यात बी झोपून राहतं. पुन्हा दुधात घातलं की आठवड्याभरात जागं होतं."

तेव्हा गफूरभाई सायकलवाल्याने उठून विचारलं होतं, "पण मॅडम, एवढा खटाटोप कशापायी? सरकारच्या फ्रीजमध्ये ठेवा ना."

बाईंनी एक मडकं हातात उचललं. "हे यंत्र तुम्ही कुठे जाता, कुणाबरोबर उभे राहता, सगळं ओळखतं. साथीत ते ओळखायला हवं. साथीनंतर नको. आता हे बंद कोण करणार? कुलूप लावलं तर किल्ली सरकारकडेच. न्यायाधीशांची सही ठेवली तर न्यायाधीशांची बदली होते. मला असं काहीतरी हवं होतं, की जे सरकारला दर महिन्याला कुणाच्या तरी दारात उभं राहून मागावं लागेल. आणि घरातल्या माणसाला 'नाही' म्हणता येईल."

यावरून कोर्टात बरंच भांडण झालं, पण शेवटी ते आणीबाणीच्या कायद्यात बसलं. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी महसूल अधिकाऱ्याने स्वतः जाऊन एकदाच मागायचं. झडती नाही, जबरदस्ती नाही. मिळालं नाही तर नाकाड्यांचं जाळं झोपेल, आणि त्या जाळ्याच्या जोरावर मिळालेले अधिकारही, लोकांना विलगीकरणात ठेवण्याचा धरून, झोपतील. पुढे जिल्ह्यात खरा रुग्ण सापडला तरच पुन्हा मागायचं. चिठ्ठ्या टाकून तीन घरं निवडली गेली. एक चिठ्ठी गफूरभाईंची निघाली, एक शाळेच्या बागुलबाईंची, आणि तिसरी छायाआत्याची.

त्यानंतर प्रत्येक महिन्याला हर्षदा सरकारी डबा घेऊन आत्याच्या दारात उभी राही. "विरजण द्या," असं ती म्हणे, कारण कायद्यात तसं म्हणायचं होतं. आत्या देई. मग हर्षदा चपला काढून आत येई आणि पोहे खाई.

साथ संपली. आणीबाणी संपली नाही. खबरदारी म्हणून एकदा वाढली, संभाव्य धोका म्हणून दुसऱ्यांदा वाढली, आणि तिसऱ्यांदा कशासाठी वाढली ते वाचायला कुणी थांबलं नाही.

मागणीच्या दिवसाच्या आदल्या सकाळी प्रांतसाहेबांनी हर्षदाला बोलावलं. निमिष राजाध्यक्ष, वय तिच्यापेक्षा कमीच, पुण्यात वाढलेले, बोलायला गोड. साथीत त्यांनी दवाखान्यातच खाट टाकली होती. हर्षदाला त्यांच्याबद्दल आदर होता, आणि म्हणूनच पुढचं जड गेलं.

"बसा मॅडम. उद्याचं विरजण महत्त्वाचं आहे. पेट्या मंदावल्यात. मागच्या रविवारी गावतळ्यावर जी सभा झाली तिथले थोडेच श्वास नीट ओळखता आले."

गावतळ्याचं पाणी नव्या यंत्रकोठाराला जाणार होतं. रात्रंदिवस तापणाऱ्या संगणकांना गार ठेवायला अख्खं तळं लागणार, असं कळल्यावर लोक चिडले होते आणि येत्या रविवारी पुन्हा जमणार होते.

"सर, सभेचा आणि तापाचा काय संबंध?"

"जमाव आहे, म्हणजे धोका आहे. ज्यांची ओळख पटली त्यांना निकट संपर्क म्हणून जिनिंग मिलमध्ये ठेवलंय. या रविवारी बाकीचे कळतील."

"निकट संपर्क कुणाशी? जिल्ह्यात रुग्णच नाही."

"तपास चालू आहे." त्यांनी नजर खाली घातली. आपल्या वाक्याला आपणच खांदा देतोय, हे त्यांनाही कळलं असावं. मग ते मनापासून म्हणाले, "हे बघा, वरून काय काय येतं ते सगळं मलाही पटत नाही. पण जाळं एकदा झोपलं की उठायला आठवडा लागतो. तुम्ही साथ पाहिलीय. त्या आठवड्यात किती माणसं जातील? स्वराच्या वेळी आठवडा उशीर झाला असता तर?"

हर्षदाला शाळेचं फाटक आठवलं.

"गफूरभाई आणि बागुलबाई देतो म्हणालेत. राहिल्या तुमच्या आत्या. दुसरा अधिकारी पाठवला असता, पण त्याला त्या चहा पाजून परत पाठवतील असं ऐकलंय. तुम्ही घरच्याच. तुम्हाला नाही म्हणायच्या नाहीत." ते हसले. "बढतीची यादीही या महिन्यात निघतेय, हे आपलं सांगून ठेवतो."

दुपारी ती जिनिंग मिलमध्ये गेली. जायचं कारण नव्हतं. पण मिलमध्ये बाविस्करअण्णा होते.

बाविस्करअण्णा म्हणजे आत्याचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. निवृत्त पोस्टमास्तर. दोन घरांमधल्या सांडपाण्याच्या पाइपावरून त्यांचं आणि आत्याचं भांडण हर्षदा शाळेत होती तेव्हापासून चालू होतं. साथीत गाव बंद पडलं तेव्हाही ते बंद पडलं नाही, फक्त दोघं भिंतीच्या दोन्ही बाजूंनी, तोंडाला फडकं बांधून भांडत.

मिलच्या पत्र्याखाली खाटा मांडल्या होत्या. अण्णा बनियनवर बसून कालचा पेपर परत वाचत होते.

"या मॅडम. ताप बघायला आलात? बघा." त्यांनी कपाळ पुढे केलं.

"अण्णा, अहवाल आला की..."

"सहा वेळा आला. मला ताप नाही हे मला माहीत आहे, डॉक्टरला माहीत आहे, दाराशी बसलेल्या पोलिसाला माहीत आहे. तो माझ्याच डब्यातलं लोणचं खातो. घाबरला असता तर खाल्लं असतं का?" मग त्यांचा आवाज उतरला. "हर्षदा, माझी बायको घरी एकटी आहे. तिला संध्याकाळी डोळ्यांत थेंब घालायला लागतात. मी सभेला गेलो, तळ्याबद्दल दोन वाक्यं बोललो. त्यातलं दुसरं तर धड जमलंही नाही. कोर्टात न्या मला, तिथे विचारा काय ते. पण मी आजारी नसताना आजारी म्हणून कोंडता, याला मी काय उत्तर देऊ? आजाराशी वाद कसा घालणार?"

हर्षदा निघाली तेव्हा मागून हाक आली. "आणि तुझ्या आत्याला सांग, पाइप तिचाच आहे!"

आत्याकडे गेली तेव्हा आत्या वाटाणे सोलत होती. हर्षदाने मिलमधलं सगळं सांगितलं, पाइपाचाही निरोप दिला.

"मेला तिथेही सुधारला नाही," आत्या म्हणाली. "त्याच्या बायकोच्या डोळ्यांत थेंब मी घालतेय. हात हलला की ओरडते, बाविस्कर बरे घालतात म्हणते. बघ आता."

"आत्या, उद्या मागणीचा दिवस आहे."

"माहितीये."

"तू काय करणारेस?"

आत्याने शेंग मोडली. "दुसरा कुणी आला तर नाही म्हणेन. बाविस्कर मला मुळीच आवडत नाही, हर्षू. इतकी वर्षं मी देवाला सांगतेय, याला जरा गप्प बसव. पण देवाला सांगत होते, कलेक्टरला नाही. मी गाडीत तिकीट नसलेल्या माणसालासुद्धा कधी मधल्या रानात उतरवलं नाही. पुढच्या थांब्यावर नेलं, चार माणसांसमोर विचारलं. याला तर कुणी काही विचारलंच नाही."

"आणि मी आले तर?"

आत्याचे हात थांबले. "तू आलीस तर देईन."

"का?"

"तुला मी कधी नाही म्हटलंय? सायकल मागितलीस, दिली. नाशिकला शिकायचं म्हणालीस, गेलीस. तू आत्ता येऊन म्हणालीस ना, की आत्या, नोकरीचा प्रश्न आहे, स्वराचा प्रश्न आहे, तर माझा हात आपोआप मडक्याकडे जाईल. मग आयुष्यभर वाईट वाटून घेईन, ते वेगळं." तिने सोललेले वाटाणे पुढे सरकवले. "ही माझी खोड आहे. तुझ्या साहेबाने ती बरोबर हेरली. म्हणून नीट विचार करून माग."

त्या रात्री हर्षदाने खूप हिशेब मांडले आणि मोडले. न जाणं म्हणजे कर्तव्यात कसूर, आणि मागितलंच नाही तर नकारही नाही, जाळं जागंच. उद्या दुसरा महिना, दुसरी मागणी, दुसरा अधिकारी, आणि एखादा दिवस असा येईल की आत्या थकलेली असेल. गेली आणि मागितलं, तर आत्या देणार. रविवारी तळ्याकाठी उभ्या राहिलेल्या प्रत्येकाचा श्वास त्याचीच चहाडी करणार. आणि समजा नाही मिळालं, आणि ताप परत आला? शेजारी झोपलेल्या स्वराचा श्वास ती ऐकत राहिली. पोरीच्या छातीत सर्दीच्या दिवसांत अजून बारीक शिट्टी वाजायची. याच श्वासाने नाकाड्याला खरं सांगितलं होतं, म्हणून ती इथे झोपली होती. आणि त्याच नाकाड्याच्या तोंडून आता खोटं वदवलं जात होतं. यंत्र बिचारं तेच होतं.

दुसऱ्या दिवशी तिने गफूरभाईंकडून आणि बागुलबाईंकडून सकाळीच विरजण आणलं. दोन डबे कपाटात ठेवले. तिसरा रिकामा डबा टेबलावर ठेवून ती कामाला लागली.

दुपारी प्रांतसाहेबांचा फोन आला. "झालं?"

"दोन झालेत सर. आत्याकडे जायचंय."

"लवकर जा."

"आजच्या आज जाते सर."

तिने सातबाऱ्याच्या तक्रारी ऐकल्या. एका आजींचा रेशनचा घोळ सोडवला. कायद्याचं ते कलम तिला तोंडपाठ होतं, तरी एकदा उघडून वाचलं. त्यात दिवस लिहिला होता. कुणी जायचं, काय म्हणायचं, डबा कशाचा असावा, सगळं लिहिलं होतं. वेळ लिहिली नव्हती. मुजावरबाईंनी ती विसरून सोडली की समजून, कोण जाणे.

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तेव्हा दुसरा फोन आला. "मॅडम?"

"निघतेच आहे सर."

ती चालत निघाली. नेहमी गाडीने जायची. बाजारातून गेली, शाळेच्या फाटकावरून गेली, तिथल्या मंद हिरव्या उजेडाखाली जरा थांबली. आळीत शिरली तेव्हा घराघरांत दिवे लागत होते, उदबत्त्यांचा वास येत होता, आणि कुणीतरी पोरांना हातपाय धुवायला हाका मारत होतं.

आत्या देवापाशी निरांजन लावून नुकतीच उठली होती. दारात हर्षदा उभी होती, उंबऱ्याबाहेर, हातात सरकारी डबा.

"विरजण द्या," हर्षदा म्हणाली.

आत्याने आधी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून बाहेर, मावळतीच्या लाल पट्ट्याकडे पाहिलं. मग देवघरातल्या ज्योतीकडे. तळेखेडमध्ये काय, चार जिल्ह्यांत कुठल्याही बाईला कळलं असतं. दिवेलागणीला घरातून दूध, दही, विरजण बाहेर देत नाहीत. सख्खी बहीण आली तरी देत नाहीत. घराची लक्ष्मी त्यातून जाते म्हणतात. जाते की नाही ते कुणी तपासलेलं नाही, पण देत नाहीत. हर्षदाला लहानपणी याच उंबऱ्यावर हे सांगितलेलं होतं, शेजारीण वाटी घेऊन आली होती तेव्हा.

"अगं हर्षू," आत्या अगदी हळू म्हणाली, "ही काय वेळ आहे विरजण मागायची?"

"कायद्यात वेळ दिलेली नाही."

"तिन्हीसांजेला मी कुणाला देत नाही. तुलापण नाही."

"बरं," हर्षदा म्हणाली. "मागितलं. मिळालं नाही."

आत्याने डोळे पुसले आणि रागावल्यासारखं म्हणाली, "आता चपला काढ आणि आत ये. नीट ठेव. सरळ."

आत्याने कपाटातून एक जुनं मलमलचं फडकं काढलं, मडक्यातलं चमचाभर विरजण त्यावर पसरलं आणि फडकं दोरीवर वाळत घातलं. मग मडक्यात उरलेलं पातेल्यात ओतून त्यात चार चमचे डाळीचं पीठ घातलं, रवीने घुसळलं, हळद घातली, आलं-मिरची ठेचून टाकली, आणि गॅसवर ठेवून ढवळत बसली. अंगणातला कढीपत्ता तोडून आणायचं काम हर्षदाला सांगितलं. फोडणी चुरचुरली तेव्हा भिंतीपलीकडून बाविस्करकाकूंनी विचारलं, "छायाबाई, कसला वास?"

"कढीचा! आणते वाटीभर. थेंब घालायला यायचंच आहे."

पोळी-भाजी, कढी-भात खाऊन हर्षदा उठली तेव्हा सरकारी डबा तिच्या हातात जड लागला.

"हे काय?"

"भांडं रिकामं परत पाठवू नये," आत्या म्हणाली. "दही पांढरं असतं, देत नाही. कढी पिवळी झाली, देता येते. तुझ्या साहेबाला दे. आईपासून लांब राहतो पोरगा."

रविवारी सभा झाली. नाकाडी होती तिथेच, पण जाळीमागचा उजेड एकेक करत विझत गेला होता. तळ्याकाठी नेहमीपेक्षा तिप्पट माणसं आली, आणि त्यातली निम्मी तरी नुसती हे बघायला आली होती, की आपण कुठे उभे आहोत हे कुणाला कळत नाही म्हणजे कसं वाटतं. जिनिंग मिलचं दार उघडावं लागलं. बाविस्करअण्णा घरी आले, आंघोळ केली, बायकोच्या डोळ्यांत थेंब घातले आणि भिंतीपाशी येऊन म्हणाले, "तर पाइपाचं काय ठरलं?"

"आलात?" आत्या म्हणाली. "पाइप तुमचा आहे." आणि आळीला कधी नव्हे ते हे भांडण कानाला गोड लागलं.

हर्षदाला खुलासा मागणारी नोटीस आली. मागणी विहित दिवशी, विहित शब्दांत केली, असं तिने उत्तर दिलं. त्यात चूक कुणाला दाखवता आली नाही. बढतीच्या यादीत तिचं नाव आलं नाही आणि तिला जुन्या दप्तरांच्या खोलीत बसवलं, जिथे वाळवीशिवाय तिला कुणी विचारत नसे. प्रांतसाहेब तिच्याशी काही दिवस बोलले नाहीत. मात्र डबा परत आला तो घासूनपुसून, आणि आत खडीसाखर होती. त्यांनाही कुणीतरी काहीतरी शिकवलेलं होतं तर.

थंडी पडली. तळ्यावर परदेशी पाखरं उतरली. तळं अजून होतं, कारण प्रकरण कोर्टात गेलं होतं. हर्षदा स्वराचा स्वेटर चढवताना रोज तिची छाती कान लावून ऐकायची आणि मनात म्हणायची, आठवडा. नुसता एक आठवडा.

आणि एका सकाळी बातमी आली. शेजारच्या तालुक्यात कोंबड्या मेल्या, आणि त्या पाळणाऱ्या माणसाला ताप. तपासणी झाली. खरा पाखरताप. हर्षदा दप्तरखोलीतून धावत सुटली ती आत्याच्या आळीत येऊनच थांबली.

दारात प्रांतसाहेब उभे होते. उंबऱ्याबाहेर, हातात डबा, कोवळ्या उन्हात. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"आत्या," ते म्हणाले, "विरजण द्या. वेळ... सकाळची चालते ना?"

"सकाळची चालते."

"पण ते जागं व्हायला आठवडा..."

आत्या आत गेली आणि काठोकाठ भरलेलं मडकं घेऊन आली. "पाखरं उतरली त्याच दिवशी फडकं दुधात घातलं होतं. गफूरभाईंना आणि बागुलबाईंनाही घालायला लावलं. तुमचं सरकार विसरतं हो साहेब, आम्ही नाही विसरत. आमचीच पोरं आहेत ना शाळेत."

साहेबांनी दोन्ही हातांनी डबा पुढे धरला. आत्याने चमच्याने मोजून, हलक्या हाताने विरजण घातलं आणि झाकण लावलं.

"महिन्याने परत यावं लागेल," ती म्हणाली.

"येईन."

"आणि ताप नसला तर मी देणार नाही. ही आली तरी नाही." तिने मागे उभ्या असलेल्या हर्षदाकडे मान वळवली. "तिलापण आता नाही म्हणायला जमतं मला."

"ते पाहिलंय मी," साहेब म्हणाले, आणि जाताना हर्षदापाशी थांबून, तिच्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, दप्तरखोली सोडा. डबे पोचवायला माणूस हवाय. चला."

दुपारपर्यंत आळीतल्या नाकाड्यात हिरवा उजेड परत आला, आधी ठिपका, मग जाळीभर. आत्याने कढीपत्त्याला घालून उरलेलं पाणी खांबाच्या बुडाशी ओतलं.

"उठलास?" ती म्हणाली. "नीट हुंग. आणि काम झालं की गुमान झोप."